लाल राहिलेली नळी

त्या गावाचं नाव मी लिहिणार नाही. प्रवासवर्णन लिहायला बसायचं आणि गावाचं नाव लपवायचं, हा उद्योग जरा चमत्कारिक आहे. पण नाव लिहिलं तर तिथल्या मुलींची लग्नं जमताना अडचण येईल, आणि त्या गावाच्या अडचणींत मी आधीच पुरेशी भर घातली आहे. तेव्हा एवढंच सांगतो: अकोला जिल्ह्यातलं वाशीम, वाशीमहून एस.टी.नं अनसिंग, आणि तिथून पुढे सायकलवर दीड तास.

मी पुण्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. शिकवतो कसला, रोज पन्नास मिनिटांचं नाटक करतो. काचेच्या नळीत दोन थेंब टाकून रंग बदलला की मागच्या बाकावरची झोपलेली मंडळी जागी होतात, आणि मला टाळी मिळाल्याचा आनंद होतो. वय पंचेचाळीस, पण ही खोड गेलेली नाही. या प्रवासात ती मला किती महाग पडली ते पुढे येईलच. खरं तर महाग दुसऱ्यांनाच पडली.

वाशीम

पूर्णेकडे जाणारी छोट्या रुळांची गाडी वाशीमला टेकली तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. फाल्गुन लागला होता, आणि ऊन इतकं की पत्र्याच्या पेटीला हात लावला तर चटका बसे. स्टेशनजवळच्या खानावळीत मी पाटोडीचा, म्हणजे बेसनवड्यांचा, रस्सा मागवला. पुण्यात आम्ही आमटीत गूळ घालतो, हे मी मालकाला मोठ्या अभिमानानं सांगितलं. तो आत तोंड करून ओरडला, "अरे, सायबाले तर्री कमी दे रे, गोड खाणारा मानूस हाय!" कमी तर्रीनंही माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या. समोरच्या बाकावरचे दोन शेतकरी जेवण थांबवून बघत बसले. त्यांनाही आज फुकटचं नाटक मिळालं.

एस.टी.त माझी पेटी कंडक्टरनं अडवली. पेटीत भुश्शात बसवलेल्या बाटल्या होत्या, आणि बाटल्यांत लालभडक द्रावण.

"ह्याच्यात काय हाय?"

"औषध."

"औषध त समदेच म्हनतात." त्यानं एक बूच काढून हुंगलं. मागचे चार जणही आशेनं पुढे वाकले. वास काहीच नव्हता. "कायचं औषध हाय जी हे?"

"पाण्याचं. पाणी चांगलं की वाईट ते यानं कळतं."

"पानी बिमार पडते काय?" कंडक्टर म्हणाला आणि अख्खी एस.टी. हसली. मीही हसलो. खिडकीबाहेर कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या उभ्या होत्या, बांधावर पानं झडलेले पळस पेटल्यासारखे फुलले होते, आणि मला हसू फार वेळ टिकवता आलं नाही. कारण पाणी आजारी पडतं, आणि ते मी आधी दोनदा पाहून आलो होतो.

अनसिंग ते गाव

अनसिंगला वानखडे भेटले. ते आरोग्यसेवक. हिवतापाच्या गोळ्या वाटत सायकलवर पंचवीस गावं फिरतात, आणि जीभ त्यांच्या सायकलपेक्षा जोरात धावते. त्यांच्या घरी रात्रीचा मुक्काम केला, आणि सकाळी ज्वारीची भाकर, तुरीचं घट्ट वरण आणि अंबाडीची भाजी खाऊन आम्ही निघालो. पेटी माझ्या कॅरिअरवर होती.

"सर, एक सांगू काय? राग नका मानू."

"सांगा."

"औंदा कोनापुढं तांब्या नका ओतू."

मला उतरून सायकल हातानं चालवावी लागली. चढ होता, पण कारण चढ नव्हतं.

ती हकिगत अशी. बहात्तरच्या दुष्काळात त्या गावात बोरिंगचं यंत्र आलं. गावाबाहेरच्या बौद्ध वस्तीतल्या देवाजीनं तालुक्याला खेटे घालून ते वस्तीत आणलं. दोनशे फुटांवर पाणी लागलं. वरच्या आळीची विहीर कोरडी ठाक पडली होती, आणि वस्तीच्या पंपावर अख्खं गाव घागरी घेऊन रांगेत उभं राहिलं. ज्या विहिरीवर देवाजीच्या आईला घागर लावू दिली नव्हती, त्या विहिरीचे धनी तिच्या अंगणातून पाणी नेऊ लागले. म्हातारी वारली ते हे बघून.

सहा वर्षांनी त्या गावातल्या मुलांचे दात तपकिरी झाले आणि काहींचे गुडघे आत वळले. वानखड्यांनी कुणाला तरी पत्र लिहिलं, त्या कुणीतरी मला, आणि मागच्या चैत्रात मी माझी पेटी घेऊन दाखल झालो. पारावर गाव जमलं. मी पाच नळ्या मांडल्या, लाल द्रावण टाकलं, जादूगारासारखे हात फिरवले. हे द्रावण साध्या पाण्यात लालसर गुलाबी राहतं, आणि पाण्यात फ्लोराइड असेल तर पिवळं पडतं. तासाभरात बोरिंगच्या पाण्याची नळी हळदीसारखी झाली. लोकांनी 'अरे बाप्पा!' म्हणून श्वास रोखला. तेवढ्यात देवाजीनं पाहुण्यासाठी पाण्याचा तांब्या पुढे केला, आणि मी, नाटकाच्या भरात, तो हातात घेऊन सगळ्यांसमोर मातीत उलटा केला. "हे विष आहे!" असंही म्हणालो. आवाज छान लागला होता.

त्या दिवसापासून वरच्या आळीनं वस्तीच्या पंपावर येणं सोडलं. पावसाळ्याआधी त्यांनी आपली विहीर खोल करून घेतली. बोरिंगपेक्षा ती उथळच राहिली, आणि तिच्या पाण्यात फ्लोराइड नव्हतं. वस्तीनं त्या विहिरीवर हक्क सांगितला तेव्हा उत्तर मिळालं, "तुमची बोरिंग हाय ना तुमाले." आणि वस्तीतल्या घरी पाणी न पिण्याचं जे जुनं कारण होतं, त्याच्या जागी आता नवं, विज्ञानाचं कारण आलं. ते मी पुरवलं होतं.

"त्याइनं तुमाले शिव्या नाई देल्ल्या," वानखडे म्हणाले. "देल्ल्या असत्या त बरं झालं असतं."

वस्ती, पहिला दिवस

पोळ्यानंतर मी दुसरी फेरी केली होती, प्रायश्चित्त म्हणून. चाळीस घरांत प्रत्येकी दोन माठ एकावर एक बसवले. वरच्या माठाच्या बुडाला भोक, आत भाजक्या विटेचे बोराएवढे तुकडे. बोरिंगचं पाणी वर ओतायचं, ते तुकड्यांतून झिरपत खालच्या माठात उतरतं आणि फ्लोराइड विटेला चिकटून वर राहतं.

का चिकटतं, ते सोप्या भाषेत सांगतो. पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे कण विजेचा भार घेऊन फिरत असतात. त्यांना आयन म्हणतात. विटेच्या, म्हणजे भाजलेल्या मातीच्या पृष्ठभागावर ठिकठिकाणी अशा जागा असतात जिथे हे आयन येऊन बसतात. अगदी एस.टी.च्या सीटांसारख्या. अडचण एकच. सीटा भरल्या की गाडी भरली. मग येणारा प्रत्येक फ्लोराइड नुसता दांडा धरून पुढे निघून जातो आणि थेट तुमच्या तांब्यात उतरतो. माझ्या हिशेबानं दोन महिन्यांत सीटा भरणार होत्या. म्हणून दर दोन महिन्यांनी भट्टीवरून नवे तुकडे गाडीनं पोचवायचे ठरलं होतं. एका कचेरीनं ते कबूल केलं होतं. आणि मी घरोघरी बजावलं होतं: "तुकड्यांना हात लावायचा नाही. धुवायचे नाहीत, हलवायचे नाहीत. हे शास्त्र आहे."

"गाडी आली होती का?" मी देवाजीच्या अंगणात पाय ठेवतानाच विचारलं.

"जय भीम, सायेब. बसा." देवाजी चाळिशीचा, पण मान वळवायची तर सगळं अंग वळवावं लागायचं. "एक डाव बी नाई आली."

म्हणजे निदान चार महिने सगळी वस्ती भरलेल्या गाडीचं पाणी पीत होती, आणि माठावर विश्वास ठेवून पीत होती. पूर्वी पोरांना थोडंसं तरी दूरच्या नाल्यातल्या झऱ्याचं पाणी आणून द्यायचे. माठ आल्यावर तेही बंद केलेलं.

देवाजीनं तांब्या पुढे केला. आमच्याकडे पुण्यात पाहुण्याला पाणी हवं का असं विचारतात. इथे विचारत नाहीत, देतात, आणि तुम्ही घेतलंत का हे सगळं अंगण बघत असतं. मी तांब्या दोन्ही हातांनी घेतला आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यालो. एका तांब्यानं कुणाचं काही बिघडत नाही. देवाजीनं बाजेवर स्वतःच्या शेजारी हातानं जागा झाडली.

देवाजीची बायको पंचफुला, तिशीच्या आतली. मोठी मुलगी सुजाता नऊ वर्षांची. तिचे गुडघे एकमेकांना घासत, म्हणून ती भिंत धरून चाले. आणि धाकटी विशाखा, दीड वर्षाची, नुकती पाऊल टाकू लागलेली, जमिनीवर बसून माझ्या पेटीतला भुसा खात होती. ह्या दोघींकडे एकदम बघितलं की मी कशासाठी आलो होतो ते वेगळं सांगायला नको. हिचे पाय तिच्यासारखे होऊ द्यायचे नव्हते.

दुपारी मी घरोघरच्या खालच्या माठातलं पाणी नळ्यांत भरलं. या खेपेला पारावर नाही, देवाजीच्या छपरात, कुडाकडे तोंड करून. एक नळी बोरिंगच्या पाण्याची. लाल द्रावण टाकलं आणि तास मोजत बसलो. एकेक नळी पिवळी पडत गेली. बायका दारात उभ्या राहून बघत होत्या. एकोणचाळीस घरांच्या नळ्या पिवळ्या.

चाळिसावी लाल राहिली. गुलाबाच्या पाकळीसारखी. चिठ्ठीवर लिहिलं होतं: पंचफुला.

मी ती उजेडात धरली, हलवली, परत ठेवली. मनात पहिला विचार आला तो वानखड्यांनी बोलून दाखवला.

"वैनी, हे पानी वरच्या हिरीचं हाय काय?"

वरच्या विहिरीवरून पाणी आणणं म्हणजे काय हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. महिन्यापूर्वी वस्तीतल्या एकीची घागर तिथे फुटली होती, आणि ती आपोआप फुटली नव्हती.

"नाई जी," पंचफुला म्हणाली. "बोरिंगचंच हाय."

"मंग लाल काहून राह्यलं?"

"मले काय मालूम? लाल तुमचं औषध हाय."

दारातल्या एका म्हातारीनं टोला हाणला, "सांग व माय खरं. हिरीवर गेल्ती त गेल्ती. पोट्टीसाठी गेल्ती म्हना."

"म्या नाई गेली!" पंचफुला आता चिडली. "काहून जाऊ? मायी घागर काय जास्तीची हाय?"

देवाजी अख्खं अंग वळवून तिच्याकडे पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीती होती. ती गेली असेल तर उद्या वरच्या आळीतून लोक येणार होते.

मी म्हटलं, एक उपाय आहे. सगळ्यांदेखत पंपाचं पाणी आणा आणि हिच्या वरच्या माठात ओता. वानखडे स्वतः बादली घेऊन गेले. खालचा माठ रिकामा करून पुसला. पाणी थेंब थेंब उतरलं, मी नळी भरली, द्रावण टाकलं. पुन्हा एक तास. इतका लांब तास मी परीक्षेच्या हॉलमध्येही काढलेला नाही.

नळी लाल राहिली.

बायकांत कुजबुज सुरू झाली. मी पंचफुलाला विचारलं, अगदी हळू, "बाई, या तुकड्यांना तुम्ही काही केलंत का?"

"नाई जी. हात नाई लावला."

"खरं सांगा. मी रागावणार नाही."

"तुमी म्हनले होते, हात लावाचा नाई."

"माझं सोडा. मी पुष्कळ बडबड करतो."

तिनं पदर खोचला. मग एकदम म्हणाली, "घासले म्या."

"काय घासलं?"

"तुकडे. समदे. बुळबुळीत झाल्ते. आमी दर पुनवेले घरातलं समदं भांडं घासतो, विहारात जाच्या आधी. आता त्या माठात इतकी घान दिसून राह्यली, अन् मी भायेरचे तांबे घासू काय? रातभर राखेच्या पान्यात टाकले, तुऱ्हाट्याची राख. सकाळी चिंचेच्या पान्यानं चोळले. मंग धुतले. दर पुनवेले. आता ओरडा."

मी ओरडलो नाही. तिच्या माठातला एक तुकडा काढून मी बोटानं घासून बघितला.

राखेचं पाणी म्हणजे खार. त्या खाराचे आयन विटेवर चढले की बसलेल्या फ्लोराइडला सीटेवरून ढकलून देतात. मग तो खारच सीट धरून बसतो; त्याला उठवायला आंबट लागतं, म्हणजे चिंच. गाडी पुन्हा रिकामी. आमच्या प्रयोगशाळेत हेच दोन बाटल्यांनी करतात. मला ते ठाऊक होतं. पण खेड्यात हे जमायचं नाही असं मी पुण्यात खुर्चीवर बसून ठरवलं होतं, आणि वर तुकड्यांना हात लावायला बंदी केली होती. पौर्णिमेला राख आणि चिंच चाळीसही घरांत निघत होती. एकोणचाळीस बायकांनी माझं ऐकलं.

मी हे सगळ्यांना सांगितलं, हातवारे न करता. मघाची म्हातारी म्हणाली, "म्हंजे आमी शायन्या म्हून बुडालो, अन् हे वांड म्हून वाचली?"

"होय, आजी."

"असं सांगाले पुन्याहून याव लागते काय?"

कुणी तरी हसलं. त्या दिवसातलं ते एकच हसू.

दुसरा दिवस

त्या संध्याकाळी वस्तीभर राख भिजली, आणि सकाळी चिंच. मी घरोघर फिरत होतो. धुतलेलं पाणी कुठे टाकायचं हे आधी सांगायला हवं होतं, कारण विटेवरून निघालेलं फ्लोराइड नाहीसं होत नाही, ते त्या पाण्यातच असतं. मी सांगेपर्यंत दोन घरांत ते शेळीच्या पुढ्यात गेलं होतं.

आणि सगळीकडे जमलंही नाही. काही घरांतले तुकडे कच्च्या भाजणीचे निघाले. राखेत ठेवल्यावर त्यांचा चिखल झाला. दुपारपर्यंत मी बारा घरांच्या नळ्या लावल्या. सात लाल, तीन फिक्या, दोन पिवळ्या. पिवळ्यांपैकी एक त्या म्हातारीच्या घरची. ती म्हणाली, "मायं राहू दे, मायी हाडं आता जायाचीच हायेत. सुनेच्या माठात चांगले टाका." वानखड्यांनी भट्टीवरून पक्क्या विटा सायकलनं आणायचं कबूल केलं. एका खेपेला आठ विटा. त्यांचा हिशेब मी केला नाही.

निघायच्या आधी मी देवाजीच्या अंगणात गेलो. देवाजी कामावर गेला होता. पंचफुला शिंदीच्या टोपलीत तुकडे घेऊन बसली होती, चोळत होती. विशाखा तिच्या पाठीला टेकून उभी होती, दोन्ही पाय सरळ. पंचफुलानं सुजाताला चूल बघायला आत पाठवलं. ती भिंत धरून उंबऱ्याआड गेली आणि मग पंचफुलानं आवाज खाली आणला.

"सायेब, एक इचारू?"

"विचारा."

"इटेले चिकटलेलं राखेनं निघते."

"निघतं."

"मंग हाडाले चिकटलेलं कायनं निघते?"

मी माझ्या आयुष्यात फार बोललो आहे. वर्गात, पारावर, लग्नात, मयतीत. हाड म्हणजेसुद्धा एक खनिजच, फ्लोराइडला विटेपेक्षा ते जास्त आवडतं, तिथे ते नुसतं सीटेवर बसत नाही, गाडीचाच भाग होऊन जातं, असं समजावून सांगता आलं असतं. उपमा तयार होती. मान खाली घालून मी म्हणालो, "नाही निघत."

"राखेनं नाई. पन दुसऱ्या कायनं?"

"कशानंच नाही, बाई. होतं तेवढं राहतं. चांगलं पाणी दिलं तर वाढायचं नाही."

तिचे हात टोपलीत थांबले. रडेल असं वाटलं, पण ती रडली नाही. एक तुकडा उचलून तिनं बघितला, बोटानं पुसला, पुन्हा टोपलीत टाकला.

"बरं झालं सांगतलं," ती म्हणाली. "मी दवाखान्यात जाऊ जाऊ करून राह्यली होती."

मग तिनं आत हाक मारली, "सुजी, चिंचेचं पानी आन व माय. लहानीचा माठ भरू."

सुजाता बाहेर आली. एका हातात पातेलं, दुसरा हात भिंतीला. भिंत संपली तिथून टोपलीपर्यंत चार पावलं मोकळी होती. मी पातेलं घ्यायला पुढे झालो, तशी तिनं ते माझ्यापासून दूर धरलं. चार पावलं तिनं आपली आपण टाकली, गुडघे घासत, पाणी हिंदकळत.

"बाजूले व्हा, सायेब," ती म्हणाली. "पाय भिजतीन तुमचे."

मी बाजूला झालो.